चपलेला दर कोण मागणार?

गेल्या जूनमधली गोष्ट आठवते का बघा. २२ जून २०२५. मिलानमध्ये 'प्राडा'चा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो झाला आणि रॅम्पवर चालणाऱ्या मॉडेल्सच्या पायात जे दिसलं, ते बघून अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याच्या भुवया वर गेल्या. अंगठा तोच, पट्टा तोच, तळ तोच. आणि कंपनीने त्याला नाव काय दिलं होतं, तर नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नाही. लाखाच्या वरच्या किमतीचे आकडे बातम्यांतून फिरायला लागले आणि आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. 'आमची चप्पल चोरली', 'जगात भारी कोल्हापुरी', 'नाद करायचा नाय'. मीही मागे नव्हते. दोन दिवस माझं स्टेटस तेच होतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी मी कोल्हापुरात चप्पल घ्यायला गेले. अस्सल, हाताने शिवलेली, वेणीची. दुकानातल्या मामांनी बाराशे सांगितले. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "मामा, हजारला द्या की." मामा हसले आणि म्हणाले, "हजारात देतो की पोरी, पर मग एका पायाची थोडी आखूड करू काय?" सोबतच्या मैत्रिणी हसल्या, मीही हसले आणि शेवटी अकराशेला घेतली. शंभर रुपये वाचवले म्हणून त्या आनंदात आम्ही चौघींनी कॉफी प्यायली. कॉफीचं बिल चारशे ऐंशी. तिथे मात्र कुणी घासाघीस केली नाही.

कोडोलीला परत येताना एसटीत पायाकडे बघत बसले होते. मनात एकच प्रश्न होता. हीच चप्पल मिलानला लाखाची असेल तर आपण चिडतो, आणि इथे बाराशेची असेल तर आपल्याला महाग वाटते. मग तिची खरी किंमत काय? आणि मुळात एखादी वस्तू महाग होते, ती कशामुळे?

महाग म्हणजे नेमकं काय?

जगातल्या सर्वांत महाग वस्तूंची यादी काढली, तर पहिल्यांदा डोकं गरगरतं. मग हळूहळू एक गंमत लक्षात येते.

मे २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ सालची एक गाडी लिलावात विकली गेली. '३०० एसएलआर उलेनहाउट कूपे'. किंमत साडेतेरा कोटी युरो. लिलावात इतकी किंमत त्याआधी कुठल्याच गाडीला मिळाली नव्हती. या गाडीत सोनं नाही, हिरे नाहीत. मग काय आहे? अशा गाड्या बनल्याच फक्त दोन. आणि कंपनीने इतकी वर्षं त्या कुणाला विकल्याच नव्हत्या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात 'पाटेक फिलिप'चं एक मनगटी घड्याळ तीन कोटी दहा लाख स्विस फ्रँकला गेलं. घड्याळांच्या लिलावातली ही विक्रमी किंमत. घड्याळ कशाचं होतं? सोन्याचं नाही, प्लॅटिनमचं नाही, स्टीलचं. आपल्या घरातले डबे ज्या धातूचे, तोच धातू. पण हे मॉडेल स्टीलमध्ये बनवलेलं ते एकमेव घड्याळ होतं. म्हणजे इथे स्वस्त धातू हेच महाग होण्याचं कारण ठरलं.

आणि तिसरं उदाहरण तर कमालच आहे. जुलै २०२५, म्हणजे आपण इथे प्राडावर चिडलो होतो तेव्हाच, पॅरिसमध्ये एक जुनी काळी लेदर बॅग ८६ लाख युरोला विकली गेली. चरे पडलेली, वापरून झिजलेली. ती 'हर्मेस' कंपनीने अभिनेत्री आणि गायिका जेन बर्किन हिच्यासाठी १९८५ मध्ये बनवलेली पहिली 'बर्किन' बॅग होती. त्याच्या आदल्या वर्षी विमानात बर्किनच्या शेजारच्या सीटवर कंपनीचे प्रमुख बसले होते, तिने त्यांना सामान मावेल अशी बॅगच मिळत नाही म्हणून सांगितलं आणि त्यातून ही बॅग जन्मली, अशी तिची गोष्ट सांगितली जाते. आपल्याकडे अशी झिजलेली बॅग आई भंगारवाल्याला देईल. तिथे ती जगातली लिलावात विकली गेलेली सर्वांत महाग हँडबॅग ठरली.

या तिन्हींत सारखं काय आहे? एक म्हणजे दुर्मीळपणा. दुसरं म्हणजे हाताची कारागिरी. तिसरं म्हणजे गोष्ट. आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं, ते म्हणजे नाव. लोखंड, चामडं, कापड यांची किंमत बिलाच्या तळाशी कुठेतरी असते. वर जो डोंगर उभा असतो तो या चार गोष्टींचा.

आता तुम्ही म्हणाल, बाकी काही असो, पण हाताने बनवणाऱ्याला तरी चांगले पैसे मिळत असतील. तर तेही नेहमी खरं नाही. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने 'डिओर'च्या इटलीतल्या एका उत्पादक कंपनीला काही काळ न्यायालयीन देखरेखीखाली ठेवलं होतं. कारण पुढच्या कंत्राटदारांकडे कामगारांची पिळवणूक होत असल्याचं तपासात दिसलं. त्या कागदपत्रांतला एक आकडा जगभर गाजला. दुकानात २,६०० युरोला मिळणारी एक बॅग जोडून देण्याचे पुरवठादाराला मिळत होते ५३ युरो. यात चामड्याची किंमत धरलेली नव्हती, हे खरं. पुढे कंपनीने सुधारणा केल्यावर २०२५ मध्ये ती देखरेख उठलीही. पण ५३ आणि २,६०० हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून बघा. महाग वस्तू बनवणारा माणूस महाग नसतो. महाग असतं ते दुकानावरचं नाव.

आपल्या चपलेत काय कमी आहे?

या पानासाठी लिहायचं ठरल्यावर मी कोल्हापूरच्या सुभाषनगर भागात एका कारागीर काकांच्या घरी गेले. घर आणि कारखाना एकच. पुढच्या खोलीत काका रापीने चामडं कापत होते. दाराजवळ काकी वेणी विणत होत्या. चामड्याच्या बारीक पट्ट्या बोटांतून अशा पळत होत्या, की माझी नजर मागे पडत होती.

अस्सल कोल्हापुरीचं काम चपलेच्याही आधी सुरू होतं. कातडं कमावण्यापासून. बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते मुरवायचं. रसायनांनी जे झटक्यात होतं, त्याला इथे कित्येक दिवस जातात. मग तळाचे थर कापायचे, ठोकून घट्ट करायचे, बाजूचे कान जोडायचे, वर पट्टा आणि अंगठा बसवायचा. पारंपरिक जोडात खिळा नसतो. शिवण चामड्याच्याच वादीची. काकांनी आरीने भोक पाडून त्यातून वादी ओढली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चामडं चामड्यालाच धरून ऱ्हातंय. लोखंडाचं काम न्हाई." कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी एकेका प्रकाराची नावं त्यांनी सांगितली. मी कोल्हापूर जिल्ह्यात बावीस वर्षं काढली आणि यातली दोनच मला माहीत होती.

आता वरची यादी लावून बघू. हाताची कारागिरी? आहे. दुर्मीळपणा? एक जोड दुसऱ्यासारखा तंतोतंत होत नाही, आणि बनवणारे हात तर दरवर्षी कमी होताहेत. गोष्ट? शेतकऱ्याच्या पायातली, उन्हाळ्यात पाय थंड ठेवणारी, करकर वाजत यायची, तिला राजर्षी शाहू महाराजांनी प्रोत्साहन दिलं. एवढी गोष्ट असलेली चप्पल जगात दुसरी दाखवा. नाव? तेही आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. बर्किनला जे जे आहे, ते सगळं आपल्याकडे आहे. मग काकांच्या घराला अजून पत्रा का?

चहा तोच, हात वेगळे

याचं उत्तर द्यायला मला कोल्हापूरचीच एक जुनी गोष्ट आठवते. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कुणी पिईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. आपण ही गोष्ट समतेची म्हणून शिकतो, ती आहेच. पण ती किमतीचीही गोष्ट आहे. चहा, साखर, दूध सगळं तेच होतं. फक्त करणारे हात वेगळे होते म्हणून बाजाराने त्या चहाची किंमत शून्य लावली होती. महाराजांनी आपलं नाव त्या चहाशेजारी ठेवलं.

चपलेचं तेच झालंय. चामड्याचं काम पिढ्यानपिढ्या ज्या समाजांवर लादलं गेलं, त्यांना आपण गावाच्या कडेला ठेवलं. त्यांच्या हातची वस्तू पायात घातली, पण त्यांच्या हाताला कलाकाराचा हात कधी म्हटलं नाही. पैठणी विणणाऱ्याला आपण कलाकार म्हणतो, सोनाराला शेठ म्हणतो. चपला शिवणाऱ्याला काय म्हणतो? ज्या शब्दाने हाक मारतो, तो शब्द भांडणात शिवी म्हणून वापरतो. जिथे माणसाचीच किंमत पाडली, तिथे त्याच्या वस्तूला किंमत कुठून येणार? इटलीत चामड्याचं काम करणाऱ्या घराण्याचं नाव दुकानाच्या पाटीवर सोन्याच्या अक्षरात लागतं. प्राडा हेसुद्धा मुळात आडनावच. मारिओ प्राडा नावाच्या माणसाने १९१३ मध्ये मिलानमध्ये चामड्याच्या वस्तूंचं दुकान काढलं, त्याचं. आपल्याकडे तेच काम करणाऱ्याच्या पोराला शाळेत आडनाव सांगताना आवाज बारीक करावा लागला. प्राडाने चपलेचं नाव गाळलं म्हणून आपण चिडलो, ते बरोबरच होतं. पण बनवणाऱ्याचं नाव आपण त्याच्या कितीतरी आधीपासून गाळत आलोय.

पुढे काय झालं?

गदारोळ झाल्यावर प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं, की त्या सँडलची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची आहे. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, ती फेटाळली गेली. जीआयचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, तुम्ही कोण, असा साधारण मुद्दा. यातली एक मेख आपण समजून घ्यायला हवी. जीआय प्रामुख्याने नावाला राखतं. कुणी 'कोल्हापुरी' न म्हणता तसलीच चप्पल बनवली, तर हा कायदा फारसा कामाला येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये करार झाला. आपल्याकडचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, कर्नाटकातलं बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ आणि प्राडा यांच्यात. ठरलं असं, की महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घ्यायचे, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या चाळीस दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे. किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८४ हजारांच्या आसपास. सोबत कारागिरांना प्रशिक्षण.

ही चांगली गोष्ट आहे, उगाच नाक मुरडायचं कारण नाही. पण हिशेब करायला हरकत नाही. दोन हजार जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो. ती एकटी जुनी बर्किन ८६ लाखांची. म्हणजे सगळेच्या सगळे जोड विकले गेले, तरी त्या एका बॅगेच्या पाचव्या हिश्श्याएवढे होतात. आणि त्या ८४ हजारांतले कारागिराच्या हातात किती पडणार, हा प्रश्न ५३ युरोची गोष्ट वाचल्यावर विचारलाच पाहिजे. आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचं पोट दोन हजार जोडांवर भरणार नाही. ते भरणार तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकांवर.

उसाला दर मिळतो, कारण तो मागितला जातो

मी कोडोलीची. ऑक्टोबर उजाडला, की आमच्याकडे हवेत एकच विषय असतो, उसाचा दर. जयसिंगपूरला ऊस परिषद होते, रस्ते अडतात, एफआरपी किती, वर किती, हप्ता कधी, हे आमच्याकडच्या आठवीतल्या पोरालाही तोंडपाठ असतं. दर पडला, तर गाव गप्प बसत नाही. कारण ऊस पिकवणाऱ्याच्या घामाला भाव मिळाला पाहिजे, हे या मातीत सगळ्यांना पटलेलं आहे.

शेजारच्या वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून साखर कारखाना उभा केला, पुढे दूध संघ आला. दोन म्हशी असलेल्या माणसाचं दूध त्याच्या एकट्याच्या नावावर मुंबईत कधीच विकलं गेलं नसतं. सगळ्यांचं मिळून 'वारणा' झालं, तेव्हा ते विकलं गेलं. म्हणजे नाव कसं बनवायचं, हे शिकायला आपल्याला मिलानला जायची गरज नाही. सायकलवर जाण्याच्या अंतरावर ते उदाहरण उभं आहे. मग जे दुधाला जमलं, ते चपलेला का जमू नये? कारागिरांची स्वतःची संस्था, स्वतःचं विक्री केंद्र, चपलेवर बनवणाऱ्याची खूण. चर्मोद्योग महामंडळाने अस्सल जोडांसाठी क्यूआर कोडची व्यवस्था आणली आहे. त्या कोडवर स्कॅन करून 'ही चप्पल कुणी शिवली' हे बघायची सवय आपण लावून घेऊ शकतो. मोबाइल तर चोवीस तास हातातच असतो.

आता एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. माझ्या एका मित्राने विचारला, "अगं, पण चप्पल महाग झाली, तर शेतकऱ्याने घालायची काय?" मुद्दा खरा आहे. ही चप्पल मुळात रानात राबणाऱ्यांची. तिची बर्किन व्हावी, काचेच्या कपाटात जाऊन बसावी, असं मला अजिबात वाटत नाही. पण ८४ हजार आणि अकराशे यांच्यामध्ये एक रास्त दर असतोच ना. ज्या दरात काका-काकींची दिवसाची मजुरी गवंड्याच्या मजुरीच्या खाली जाणार नाही, असा. आणि मंडईतल्या शेतकऱ्यासाठी साधा जोड आजही बनतो. घासाघीस तो करत नाही. घासाघीस करतो आपण, पाचशेचं कव्हर घातलेला मोबाइल हातात धरून.

दुसरा मुद्दा नकली मालाचा. रेक्झिन आणि प्लॅस्टिकच्या तळाची, मशीनवर निघालेली 'कोल्हापुरी' अडीचशेला मिळते. ट्रॅडिशनल डेला आपल्यातले निम्मे जण तीच घालून फोटो काढतात. परवडत नसेल, तर ती घ्यायला कुणाची ना नाही. पण मग तिला कोल्हापुरी म्हणू नये. प्राडाने नाव न लावता आपली चप्पल विकली, याचा आपल्याला राग आला. इथे रोज आपलं नाव लावून भलतीच चप्पल विकली जाते, त्याचाही थोडा यायला हवा.

निघताना मी काकांना विचारलं, मुलगा हे काम शिकला का? ते म्हणाले, "शिकलाय की. माझ्यापेक्षा बारीक शिवण घालतोय. पर शिरोली एमआयडीसीत जातोय. तितं पगार एक तारखेला येतोय बघ." यात तक्रारीचा सूर नव्हता. पोराने बरोबर केलं, असंच त्यांना वाटत होतं. मलाही वाटलं. कुणी आपल्या संस्कृतीसाठी म्हणून अर्धपोटी राहावं, असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. त्याला परत रापी हातात घ्यावीशी वाटली, तर ती आपल्या स्टेटसमुळे वाटणार नाही. एक तारखेच्या पगाराला टक्कर देईल एवढा दर मिळाला, तरच वाटेल.

उसाला दर मागायला आपल्याकडे संघटना आहे, नेते आहेत, अख्खं गाव आहे. चपलेला दर मागायला आज फक्त दुकानात बसलेले ते मामा आहेत, आणि समोर "हजारला द्या की" म्हणणाऱ्या आपण. पुढच्या वेळी निदान एवढं तरी करू. ते सांगतील तो दर गप्प देऊ आणि वर एक प्रश्न विचारू, "मामा, ही शिवली कुणी?"

मी गेल्या आठवड्यात पुन्हा गेले होते. आईसाठी जोड घ्यायला. मामांनी चौदाशे सांगितले. मी चौदाशे दिले. मामा नोटा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "का गं पोरी, आज काय बोलली न्हाईस? तब्येत बरी हाय न्हवं?"